पुंजाजीचा मुका कॅमेरा

मी कॅमेरा आहे, सिनेमाचा. पण सिनेमाचा कॅमेरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे मोठं धूड येतं, तो मी नव्हे. मी हातात मावतो. घड्याळासारखी चावी दिली की चालतो, मला वीज लागत नाही. आवाज टिपायची सोय माझ्यात नाही. उलट, चालताना मीच घरघर करतो. लोक मला मुका म्हणतात. म्हणू देत.

माझा जन्म परदेशातला. मुंबईत एका जाहिरातवाल्याकडे मी साबणाच्या वड्या टिपत होतो. एकदा स्टँडवरून पडलो, कुशीला पोचा आला आणि त्यानं मला जुन्या बाजारात काढून टाकलं. तिथून मला पुंजाजीनं उचललं.

पुंजाजीचा चिखलीला फोटोचा स्टुडिओ होता. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. लग्नसराईत नवरा-नवरीचे फोटो काढायचे आणि त्या कमाईतून माझ्यासाठी रीळ आणायचं, हाच त्याचा संसार. "पिच्चर मुंबईतच काऊन निघावा? आपल्याकडं माणसं नाईत का?" असं तो समोर बसलेल्या गिऱ्हाइकालाही विचारायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "तू आधी माहा फोटो काढ बे."

पहिल्या सिनेमाची गोष्ट त्यानं स्वतःच रचली. एक बडा शेतकरी काट्यांचं कुंपण घालून पांदण अडवतो, म्हणजे शेतात जायचा गाडीरस्ताच बंद करतो, आणि एका लहान शेतकऱ्याची बायको त्याच्याशी भांडते. पिंपळगाव राजा या गावाच्या शिवारात शूटिंग सुरू झालं, पण नायिका मिळेना. शेजारच्या मळ्यात भाजीपाला करणारी सोजराबाई दोन दिवस बांधावरून बघत होती. तिसऱ्या दिवशी तीच पुढे आली.

"मले जमते का पाहा, भाऊ."

पुंजाजीनं तिच्या नवऱ्याकडे, महादेवरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वांगे तोडून झाले की करू द्या."

शेवटच्या प्रसंगात नायिकेनं त्या बड्या शेतकऱ्याचे पाय धरायचे, त्याला पाझर फुटायचा आणि रस्ता मोकळा व्हायचा, असं पुंजाजीनं लिहिलं होतं. सोजराबाई कुंपणापाशी उभी राहिली.

"मी पाय नाई धरत."

"सिनेमात असंच अस्ते, सोजराबाई."

"असू द्या. रस्ता आमच्या वहिवाटीचा. पाय मी काऊन धरू? हे काटे हायेत अन् हे माहे हात हायेत."

आणि तिनं बाभळीचे फाटे ओढायला सुरुवातही केली. पुंजाजीनं धावत येऊन माझी चावी पिळली. ती उतरेपर्यंत मी चाललो. तिच्या हाताला आलेलं रक्त मी टिपलं. ते नाटकातलं कुंकवाचं पाणी नव्हतं.

पुंजाजी रीळ घेऊन मुंबईला एका वितरकाकडे गेला. त्यानं पूर्ण सिनेमा पाहिला; पडद्यावरच्या माणसांची बोलणी पुंजाजीनं शेजारी उभं राहून म्हणून दाखवली. "चित्र बरं आहे," तो म्हणाला. "इथल्या नटांचे आवाज घालू, भाषा शुद्ध करू. आणि शेवटी बाई पाया पडली पाहिजे. मग मी घेतो."

पुंजाजी रीळ डब्यात भरू लागला. "ते शुद्धच बोलून राह्यले, साहेब. तुमच्या कानाले सवय नाई."

मग त्यानं भाड्यानं प्रोजेक्टर आणि जनरेटर घेतला, एक पांढरं कापड शिवून घेतलं आणि आठवडी बाजाराची गावं धरली. सिनेमा मुका, म्हणून सोजराबाई आणि बाकीची मंडळी पडद्याशेजारी उभी राहून कर्ण्यावर आपापलं बोलणं बोलायची. मी सदा पुंजाजीच्या गळ्यात.

बीबी नावाच्या गावी दिवस मावळल्यावर खेळ लागला. पहिल्या खुर्चीवर गुलाबराव बसले होते, गावातले मोठे जमीनदार. त्यांनीही त्याच साली एक पांदण अडवली होती, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर कुंपण दिसलं आणि लोक पडदा सोडून गुलाबरावांकडे पाहू लागले. ते ताडकन उठले.

"हे तुले कोणं सांगतलं? बंद कर."

"सांगतलं कोणीच नाई," पुंजाजी म्हणाला. "पण तुम्ही काऊन उठले?"

गुलाबरावांच्या माणसानं जनरेटर बंद पाडला. पडदा काळा झाला, कर्णा गप्प झाला. बायका पोरं कडेवर घेऊन उठू लागल्या. तेवढ्यात अंधारातून सोजराबाईचा आवाज आला, कर्ण्याशिवाय, मोकळ्या गळ्यानं.

"रस्ता आमच्या वहिवाटीचा. पाय मी काऊन धरू?"

ती थांबली नाही. आता एक फाटा ओढला, आता दुसरा, हातात काटा गेला, असं सांगत गेली. उठलेली माणसं पुन्हा खाली बसली.

"मंग?" एका म्हातारीनं विचारलं.

"मंग काय, माय. गाडी काढली अन् वावरात नेली."

उभे फक्त गुलाबराव राहिले होते. थोड्या वेळानं तेही निघून गेले. बीबीची पांदण पुढे उघडली की नाही, मला माहीत नाही. पण त्या सांजेला माझं एकही चित्र पडद्यावर नसताना माझा सिनेमा पुरा झाला. मोठमोठ्या कॅमेऱ्यांना विचारा, त्यांच्या नशिबी असं काही आलं का.

त्यानंतर पुंजाजीनं आणखी तीन सिनेमे काढले. एकही थिएटरात लागला नाही. आता माझी चावीची कमान सैल पडली आहे, मध्येच थांबतो. पुंजाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, म्हणून माझ्या भिंगातून सोजराबाई बघते आणि सांगते, "हं भाऊ, घ्या." चिखलीचे काही भले लोक म्हणतात, या कॅमेऱ्याला हार घालून काचेच्या कपाटात ठेवा, याला विश्रांती द्या.

मला विश्रांती नको. हार नको, कपाट नको, तुमची कीवही नको. एखादं रीळ असेल तर द्या. नसेल, तर निदान समोरून बाजूला व्हा. उजेड अडतोय.