गंजावरचा काढा

घरच्या माणसाचं ऐकायचं म्हटलं की लक्ष्मणरावांच्या जिवावर यायचं. तेच बाहेरच्या कुणी सांगितलं की लगेच मान डोलवणार. या एका खोडीपायी मंजुळाबाईंचा उभा जन्म जळला होता.

परसातल्या अर्जुनाची साल दुधात उकळून त्या काढा करायच्या. निम्मं चाकण त्यांच्याकडे साल मागायला यायचं. नवरा तेवढा ‘लाकडाचं पाणी’ म्हणून तोंड वाकडं करी. झटका आला, डॉक्टरांनी छातीत स्प्रिंग बसवली, जन्माच्या गोळ्या लावल्या, तरी गडी काढ्याला शिवला नाही.

मग फार्मसी शिकणाऱ्या नातीनं, तेजस्विनीनं, तीच साल कॉलेजात नेऊन उंदरांना दिली. एकदा जेवताना म्हणाली, “उंदरांच्या हृदयाला इजा कमी होतेय. पेशींवर गंज चढत नाही म्हणा ना!” दुसऱ्या सकाळी लक्ष्मणराव पेला घेऊन गॅसपाशी हजर. मंजुळाबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

आणि आज कढीपत्त्याच्या कुंडीत गोळ्या सापडल्या. काही विरघळलेल्या, काही तशाच.

“ह्ये काय वो?”

“अगं, कंपनीत आमी पार्टाला तेल लावून पाठवायचो, गंज चढू नये म्हणून. स्प्रिंग स्टीलची, वर तुझा काढा. मग गोळी कशाला?”

हेल्मेट घालता घालता तेजस्विनी थबकली. “आबा! गोळ्या बंद करा असं मी कधी म्हणाले? माझं काम उंदरांवरचं आहे. माणसाचं त्यावरून नाही सांगता येत.”

“मंग माझ्या काढ्यात गुन हाय का न्हाई? येक काय ते बोल की!”

“गुण दिसतोय, आज्जी. पण तो गोळीची जागा नाही घेणार.”

“एवढी शिकली, पन धड व्हय न्हाई का धड न्हाई न्हाई!”

नात गेली. लक्ष्मणराव पुटपुटले, “जन्मात पहिल्यांदा तुझ्यावर भरवसा ठेवला, तर त्ये बी चुकलं?”

हे ऐकायला मंजुळाबाई लग्नापासून थांबल्या होत्या. त्यांनी उकळता काढा उचलला, मोरीत ओतला. पाण्याचा तांब्या आणि गोळी नवऱ्यापुढे आपटली.

“गिळा. लाकडाचं पाणी म्हनत व्हता ना, तवाच शाणे व्हता तुमी.”