शेवटचा ठोका

निमोनियातून उठल्यावर तिसऱ्या महिन्यात काशीअक्का वडक्यांच्या डाव्या फुफ्फुसात त्यांच्या नवऱ्यानं हंडा मठारायला घेतला. नवरा त्याच तापात गेला होता.

डॉक्टरांनी छातीच्या स्कॅनची फिल्म उजेडावर लावली. "आधी दुधी काचेसारखा डाग होता, आजी. आता खळगे पडलेत. मधाच्या पोळ्यासारखे."

"पोळं कसलं? मठारकाम आहे ते," अक्का म्हणाल्या. "तांबं घट्ट व्हावं म्हणून हातोडीनं खळग्याला लागून खळगा पाडतात. पन्नास वर्षं तांबटाच्या घरात काढलीत, मला नका शिकवू. आणि हात आमच्या ह्यांचाच. ओळ डावीकडे कलते."

सून वृषालीनं फिल्मला कान लावला. "मामंजीच आहेत," ती म्हणाली.

"सगळी जागा भरली तर श्वास कुठं मावणार?" डॉक्टर म्हणाले. "थांबायला सांगा त्यांना."

अक्कांनी मान खाली घालून स्वतःच्या छातीला दरडावलं, "अहो, गिऱ्हाइकाला जन्मात वेळेवर भांडं दिलं नाहीत, आत्ताच घाई झाली होय?"

ठोके थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

सहाव्या महिन्यात घराच्या भिंतींना खळगे पडले. भिंती आत सरकल्या. वृषालीनं पलंग बाहेर काढला, मग कपाट. मोरी मात्र लांब गेली. तिथवर जाताना अक्का चारदा टेकायच्या. पूर्वी तेवढ्या वाटेत त्यांनी तीन माणसांना झापलं असतं.

"दम लागतो का?" वृषालीनं विचारलं.

"मला कशाला लागतोय? मोरीला सांग जवळ यायला."

वर्षभरानं नवी फिल्म आली. हंडा भरत आला होता. काठाशी नखाएवढी जागा कोरी होती. वडक्यांच्या घरात शेवटचा ठोका बायकोचा. तो बसल्याशिवाय भांडं दुकानाबाहेर जात नाही. अक्कांनी फिल्म पाहिली. त्यांना रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही.

"एवढी जागा जपा," डॉक्टर म्हणाले. "हात लावू नका."

"आणि हे आत ताटकळत बसतील, त्याचं काय?"

डॉक्टरांनी आणखी एक स्कॅन लिहून दिला.

अक्का मशीनमध्ये आडव्या झाल्या. मशीन म्हणालं, "श्वास घ्या. धरा."

त्यांनी धरला. आतले ठोके थांबले. फासळ्यांच्या फटीतून हातोडी हळूच वर आली, दांडा अक्कांच्या बाजूला करून.

मशीन अजून 'सोडा' म्हणालं नव्हतं.