खालच्या सुरांचा हमाल

मी एक स्पीकर बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्याचं. स्वतःचं पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या. घोगरा म्हणण्यापेक्षा खर्जातला म्हणा. माझा जन्मच खर्जासाठी झाला.

पुण्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एका चिडक्या कारागिराने मला जोडलं. कुणा वादकाने त्याच्याकडे डबल बेससाठी स्पीकरची पेटी सांगितली होती. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन समजा. ते हनुवटीखाली धरता येत नाही. फोटोच्या वेळी म्हाताऱ्या मामांना खांद्याला धरून उभं राहावं, तसं त्याच्याशेजारी उभं राहावं लागतं. त्याचा आवाज खोल, पण उघड्यावर नेला की विरून जातो. म्हणून मी. हलक्या प्लायवूडचं अंग, पोटात एकच मोठा पडदा, पाठीशी अ‍ॅम्प्लिफायर आणि डोक्यावर कातडी मूठ.

काम संपल्यावर कारागिराने मला थोपटलं आणि म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही."

मी फुशारून गेलो. खोटं न बोलणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो वादक मला न नेताच परदेशी गेला. मग कारागिराने मला इतर मालाबरोबर आळेफाट्याला, जिनेशच्या दुकानात पाठवून दिलं. तिथे माझ्या आजूबाजूला कपाटाएवढे डीजेचे स्पीकर उभे. त्यांच्या तोंडाभोवती निळे-लाल दिवे. गिऱ्हाईक यायचं, मोबाइलवरचं गाणं लावायचं, दुकानाचं शटर थरथरलं की खूश व्हायचं. माझ्यावर तेच गाणं लावलं की मी ते जसं आहे तसं ऐकवायचो. त्यामुळे मला कुणी घेत नसे.

अशात एके सकाळी सोपान आला.

सोपान आळ्याचा. दादाभाऊंच्या बँडमध्ये तो उभी हयात गळ्यात अजगरासारखं वेटोळं घालून बसणारं मोठं पितळी वाद्य फुंकत आला होता. सनईसारखं मिरवणारं ते वाद्य नव्हे. ते खाली राहून सगळ्या बँडला खांदा देतं. पण त्याच्या छातीने दगा दिला. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता फुंकणं बंद. श्वास जिना चढायला ठेवा."

वाजवल्याशिवाय सोपानला करमेना. त्याचा मामा मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना डबल बेस वाजवायचा. पोरवयात सोपान त्याच्याकडे राहिला होता, तेव्हा चार बोटं शिकला होता. मामा गेल्यावर मामीने ते धूड वाशीला टोमॅटो उतरवून परतणाऱ्या टेंपोत घालून आळ्याला पाठवलं होतं. गावाने त्याला लगेच नाव ठेवलं, 'सोपानाची कणगी'. इतकी वर्षं कोपऱ्यात उभी असलेली ती कणगी आता त्याने पुसून, तारा बदलून बाहेर काढली आणि थेट बँडच्या तालमीला नेली.

दादाभाऊ बँडचे मालक, क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांनी अर्धं गाणं वाजवलं आणि थांबले.

"सोपान, तू ते वाजवतोयस का पुसतोयस?"

सगळे हसले. सोपानही हसला. पण घरी गेल्यावर तो जेवला नाही, असं त्याच्या बायकोने, वैजयंतीने, नंतर जिनेशला माझ्यादेखत सांगितलं.

दादाभाऊ तसे वाईट नव्हते. ते म्हणाले, "पुनमचंदशेठच्या नातीचं लगीन हाय जुन्नरला. तवर तुझा आवाज आला पायजे. नायतर मी तो कीबोर्डवाला धरणार. त्यात एक बटण दाबलं की बेस!"

म्हणून सोपान, वैजयंती आणि दादाभाऊ असे तिघे दुकानात आले होते. पुनमचंदशेठची नात सिद्धी ही जिनेशची बहीण, त्यामुळे जिनेशलाही या खरेदीत घरच्यासारखा रस होता. सोपानने येताना टेंपोत घालून आपली कणगी आणली होती.

"काका, हा घ्या," जिनेश एका कपाटावर हात ठेवून म्हणाला. "वरातीत पाचशे माणसं असली तरी ऐकू येणार."

"आन् लाइट बी हायेत," दादाभाऊ म्हणाले.

जिनेशने कणगीला छोटा माइक चिकटवून वायर जोडली आणि सोपानने तार छेडली. कपाटाने अशी आरोळी ठोकली की समोरच्या हॉटेलातले लोक बाहेर येऊन बघू लागले. मग बेस त्या आवाजाने थरथरला, कपाट त्या थरथरीने आणखी ओरडलं, आणि दोघं मिळून बोंब मारू लागले. जिनेशने धावत जाऊन वायर ओढली. दुसऱ्या पेटीतून आवाज आला तो डब्यात दगड खुळखुळावेत तसा. तिसरी बरी होती. तिच्यावर सोपान जरा रेंगाळला.

मग माझी पाळी आली. त्याने सर्वांत जाड तार ओढली, आणि काय सांगू, मला माझा जन्म आठवला! लाकूड लाकडासारखं वाजलं. बोट तारेवरून उचलताना होणारी हलकी खसखससुद्धा मी ऐकवली. सोपानने डोळे मिटले.

"बरा हाय," दादाभाऊ म्हणाले, "पर दिसायला लई गरीब. लग्नात कसा शोभंल?"

"आन् तिसरा बी चांगला व्हता," सोपान चाचरत म्हणाला. माणसाला मनातलं मिळायची वेळ आली की तो असा घाबरतो, हे मी दुकानात पुष्कळदा पाहिलंय.

वैजयंतीने पुढे होऊन तिसरी पेटी उचलून बघितली आणि धाडकन खाली ठेवली. मग माझी मूठ धरून मला उचललं, दारापर्यंत गेली, परत आली.

"ह्योच."

"अगं, आवाज तरी—"

"आवाज तुमी ऐका. उचलायचं मला हाय. तुमची छाती चालंल व्हय वझं न्यायला?"

झालं. ज्या खर्जाचा मला एवढा गर्व, त्यावरून नव्हे, तर मुठीवरून माझी निवड झाली. लग्नंही बहुधा अशीच जमत असावीत आणि तीही टिकतातच.

वैजयंतीने मला मांडवाच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली, गुलाबी फुलांची. खोळीत मी पाहुण्यांसाठी काढलेल्या उशीसारखा दिसायचो. तालमीत मात्र सगळे खूश झाले. दादाभाऊंनी दोनदा मान डोलावली, आणि सोपान त्या दिवशी भाकरी मागून घेऊन जेवला.

लग्नाचा दिवस उजाडला. मुलीकडचा बँड, मुलाकडचा डीजे. जुन्नरच्या रस्त्यावर पुढे डीजेचा ट्रक, मध्ये नाचणारी माणसं, मग आमचा गाडा. गाड्यावर सोपान कणगीला कवटाळून उभा. पुढची जागा दादाभाऊंच्या कर्ण्यांची, म्हणून मला गाड्याच्या शेपटाला, तोंड मागे करून बांधलेलं. बॅटरी माझ्या पायाशी. माझ्या अगदी समोर काच खाली केलेली एक मोटार हळूहळू चालत होती, आणि तिच्यात नव्वदीच्या घरातल्या सूरजबाई, पुनमचंदशेठच्या आई, जरीचं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांना फारसं ऐकू येत नसे. घरातले सगळे त्यांच्याशी हातवारे करून किंवा ओरडून बोलत.

डीजे सुरू झाला. घरांच्या खिडक्या वाजू लागल्या. दादाभाऊंचे गाल फुगलेले दिसत होते, त्यांचं वाजवणं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. सोपान वाजवत राहिला. मी जिवाच्या आकांताने त्याचा सूर न् सूर मोटारीच्या बॉनेटवर ओतत राहिलो. रस्त्यात एकाने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा माणूस नाचतोय का?"

वरात संपली तेव्हा सगळे दादाभाऊंना म्हणाले, "आज बँड झकास!" कुणी ऐकला नव्हता, पण लग्नात तसं म्हणतात. दादाभाऊंनी मात्र ते खरं धरलं.

"बघ सोपान," ते दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "तुझा बेस कुणाला ऐकू गेला न्हाई. तरी लोकं झकास म्हणली. म्हंजी त्याची गरजच न्हाई. राग मानू नगंस. कीबोर्डवाल्याला हो म्हणालोय मी."

सोपान खाली बघत म्हणाला, "तुमचं बी बरोबर हाय."

दादाभाऊ उंबऱ्यापर्यंत गेले आणि घुटमळले. "एक काम व्हतं. त्या कीबोर्डला स्पीकर लागतो. तुझा तसा बसूनच हाय..."

आणि सोपानने मला देऊन टाकलं! स्वतःच्या हाताने खोळ नीट ओढून, बंद बांधून दिलं. चांगुलपणाला कुठे थांबावं ते कळत नाही, तेव्हा त्याचं असं होतं. वैजयंती शेतावरून परतली तेव्हा माझी जागा रिकामी होती. ती काय बोलली ते ऐकायला मी तिथे नव्हतो, आणि ते एका परीने बरंच झालं.

पुढचा काळ मी फार वाईट काढला. कीबोर्डवाला भरत हसतमुख माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो बटण दाबायचा आणि माझ्या तोंडून कुणाचाच नसलेला बेस बाहेर पडायचा. न चुकता, न दमता, न श्वास घेता. मी खोटं बोलत नाही. म्हणून तो खोटेपणाही मी अगदी खराखुरा ऐकवायचो. ज्याच्यासाठी मला आणलं, त्याचीच जागा मी भरून काढत होतो. चोख काम करणाऱ्याला कधीकधी नेमकी हीच शिक्षा मिळते.

मग एका दुपारी तालमीच्या खोलीत वैजयंती शिरली. भरतचं बोट बटणावरच होतं. तिने माझी वायर काढली. बेस मध्येच मेला.

"वैजयंतीबाई, अवं तालीम चालूय," दादाभाऊ म्हणाले.

"चालू द्या की. तुमच्या बँडाला खालच्या आवाजाची गरज न्हाई म्हणलेला ना तुमी? आमाला पायजे हाय."

"सोपानला? कुठं वाजवणार त्यो?"

"जुन्नरला. बोलावणं आलंय."

तिने माझी मूठ धरली आणि मला उचलून थेट जुन्नरच्या जीपकडे निघाली.

झालं होतं असं. जिनेश त्या सकाळी आळ्याला सोपानच्या घरी आला होता. दारातच म्हणाला, "काका, मोटारीत बसलेल्या आमच्या मोठ्या दादीने तुम्हाला बोलावलंय. लग्नापासून मागेच लागलीय. म्हणते, मोटारीपुढे जो उभा होता त्याला आण."

"मला? कशापायी?"

"म्हणते, त्याचं वाजवणं मी ऐकलं."

सोपानला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणल्या? पुन्हा सांगा."

जिनेशने पुन्हा सांगितलं. सोपानने तिसऱ्यांदा विचारलं. मग तो आत गेला आणि बराच वेळ चूळ भरत राहिला. हे सगळं वैजयंतीने मला जीपमध्ये, मांडीवर घेऊन सांगितलं. तसं ती सांगत होती शेजारच्या बाईला, पण मांडीवर मीच होतो.

सूरजबाईंच्या माडीवर दुपारी बायका स्तवनं म्हणायला जमायच्या. पूर्वी सूरजबाईच पुढे म्हणायच्या. ऐकू येईनासं झाल्यावर त्यांचा ताल सुटू लागला. त्या एकट्याच मागे राहायच्या, किंवा सगळ्यांच्या आधी संपवून टाकायच्या. मग बायकांनी आदराने त्यांना लोडाला टेकवून बसवलं आणि गाण्यातून वगळलं.

सोपानने पहिल्या दिवशी संकोचाने हळू वाजवलं.

"मोठ्याने!" सूरजबाई ओरडल्या.

त्याने आवाज वाढवला, तशा बाकीच्या बायका कानावर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, जरा हळू हो. आमचे कान शाबूत आहेत."

दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू झाली. शेवटी वैजयंतीने माझी फुलाफुलांची खोळ काढली, मला सूरजबाईंच्या अगदी कुशीशी ठेवलं आणि त्यांचा सुरकुतलेला तळवा माझ्या माथ्याच्या लाकडावर टेकवला. सोपानने आवाज उतरवून जाड तार हळूच छेडली.

सूरजबाईंची बोटं दचकली, मग स्थिर झाली. त्या जिनेशला म्हणाल्या, आणि ऐकू येत नसल्यामुळे सगळ्या माडीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "त्या दिवशी ते पुढचं नुसतं धडधडत होतं, माझी छाती दुखली. ह्याचं चालतं. एक पाऊल, दुसरं पाऊल. ह्याच्यामागून जाता येतं."

आणि त्या गाऊ लागल्या. आवाज फाटका होता, दोन ठिकाणी शब्द विसरल्या. पण ताल सुटला नाही. कडव्याच्या शेवटी त्या थांबल्या आणि बाकीच्या बायकाही बरोबर त्याच ठिकाणी थांबल्या, तेव्हा सूरजबाईंनी चमकून सगळ्यांकडे पाहिलं. सोपानचा घाम हनुवटीवरून टपकत होता. तो पुसायला त्याने तारेवरचा हात काढला नाही.

तेव्हापासून आम्ही दर आठवड्याला जुन्नरला जातो. दादाभाऊंनी जिनेशकडून ते दिव्यांचं कपाट नेलं. आता त्यांचा बटणाचा बेस पार फाट्यापर्यंत पोचतो, आणि ते मनापासून आनंदात आहेत. मधूनमधून सोपानला विचारतात, "एका म्हातारीसाठी एवढं धूड न्हेतोस व्हय रं?" सोपान म्हणतो, "हो."

माझा एक कोपरा जीपच्या फळीवर आपटून उडालाय. पडद्याच्या कडेला बारीक चीर पडलीय, त्यामुळे सर्वांत खालचा सूर जरा फुरफुरतो. खोटं न बोलणारा मी, आता थोडासा बोबडं बोलतो. माथ्याचं पॉलिश एका जागी, तळव्याएवढं, पार उडून गेलंय. कारागिराने पाहिलं तर शिव्या देईल.

माझं एवढंच मागणं आहे. पुढे कधी मला दुरुस्तीला न्याल तेव्हा पडदा बदला, वायरी बदला, कोपरा सांधा. माथ्याला मात्र नवं पॉलिश लावू नका. सूरजबाई म्हणतात, गुळगुळीत लाकडातून सोपान नीट ऐकू येत नाही.