लिंबाएवढी झडप

मित्रांनो, मी लॉन्ड्रीची एक जुनी डिझेल गाडी आहे. सध्या भंगाराच्या आवारात उभी आहे. कुठे दुखतं का म्हणाल, तर नाही. आता काहीच वाटत नाही.

सोळा वर्षं मी इस्पितळाला धुतलेल्या चादरी पोचवल्या. पहाटे साडेपाचला मामा यायचे. मामा म्हणजे माझे ड्रायव्हर. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. काच पुसून ते मला सुरू करायचे आणि म्हणायचे, "चल गं बाई." थंडीत पहिली दहा मिनिटं मी जरा कुरकुरायचे. मग इंजिन तापायचं, हीटरमधून ऊब यायची, मामा बोटं शेकून घ्यायचे. इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "मामा, तुमची गाडी बघून घड्याळ लावावं!" तेव्हा मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका उन्हाळ्यात पुलाच्या चढावर माझा पाण्याचा पाइप फुटला. बॉनेटमधून वाफच वाफ! मामांचा मेहुणा गॅरेजवाला. त्याने पाइप बदलला आणि जाता जाता इंजिनातली लिंबाएवढी झडपही काढली. गार इंजिन तापेपर्यंत ही झडप पाण्याची वाट अडवून धरते, तापलं की मोकळी करते. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता.

"ही हवीच कशाला?" मेहुणा म्हणाला. "काढली की कायमची कटकट गेली. मी सगळ्यांच्या काढतो."

"काढ बाबा. पण फेकू नकोस," मामा म्हणाले. त्यांनी ती फडक्यात गुंडाळून समोरच्या कप्प्यात ठेवली आणि साफ विसरून गेले.

उन्हाळा छान गेला. मेहुण्याचं कौतुकही झालं. मग थंडी आली आणि मी काही केल्या तापेचना. मामांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी अंगात जोर येईना. मागून हॉर्न वाजायचे, पुलावर सायकलवाले पुढे निघून जायचे. इस्पितळ आलं तरी हीटरमधून गारच वारा. सुरुवातीला मला लाज वाटायची. नंतर तीही वाटेना.

"मामा, आज पुन्हा ऑपरेशन थांबलं," सिस्टर एकदा म्हणाल्या. "पेशंटला काय उघड्या पलंगावर झोपवू?"

मामांनी माझं दार धाडकन आपटलं. "म्हातारी झालीस तू! माझ्या पोटावर पाय आणणार आहेस."

मग बॅटरी बदलली, फिल्टर बदलला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "मामा, नवी गाडी घेतेय. तिच्यासोबत तिचा ड्रायव्हरही येणार. तुमचंही आता वय झालं." मामा 'बरं' म्हणाले.

काल मामा आपली सीटवरची उशी न्यायला आवारात आले. सवयीने त्यांनी कप्पा उघडला. फडकं सोडलं. झडप हातात घेऊन अंगठ्याने पुसली.

"तू म्हातारी नव्हतीस गं," ते म्हणाले. "गारठली होतीस. आणि काढ म्हणणारा मीच."

ते घाईघाईने उतरले, बॉनेट उचललं. आत इंजिन नव्हतं. ते परवाच काढून नेलंय. मामांनी बॉनेट हळूच खाली ठेवलं, झडप खिशात घातली आणि उशी इथेच विसरून गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातही सकाळी कुणाचं पाऊल जड पडत असेल. 'आता वय झालं' म्हणण्याआधी जरा आठवून बघा, आपण त्यांचं काय काढून ठेवलंय. आणि आठवलं, तर लवकर परत द्या.