दिगंबरचं नाक

माझ्या नवऱ्याला ऑफिसात कुणी हिंग लावून विचारत नाही. हे मी खवचटपणे म्हणत नाहीये, तो स्वतःच म्हणतो. अमेरिकेत, बॉथेल गावातल्या त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत दिगंबरसारखे मजल्यावर मजले भरलेत. कुणाच्या तक्रारीचं टिकीट उघडायचं, टिकीट बंद करायचं, घरी यायचं. पण शनिवारी गॅरेजचं दार वर गेलं की माणूस बदलायचा. पायात गमबूट, गळ्यात टॉवेल, आणि माझ्याशी बोलायचा तोसुद्धा साहेबासारखा.

गॅरेजमध्ये तो बिअर करतो. तयार अर्क पाण्यात ढवळून नव्हे, थेट धान्यापासून. मोड आणून वाळवलेले सातू भरडायचे, पिकनिकच्या मोठ्या कूलरमध्ये गरम पाण्यात तासभर मुरवायचे, गोड पाणी गाळून घ्यायचं आणि ते उकळत ठेवून त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. दुकानात त्यांच्या दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या मिळतात, दिसायला अगदी गुरांच्या पेंडीसारख्या. मग सगळं थंड करून यीस्ट घालायचं आणि वाट बघायची. आठवड्याभराने, ती फसफस ओसरली की वासासाठी म्हणून पुन्हा मूठभर हॉप्स. दिगंबरची खासियत पेल एल ही बिअर. फिकट सोनेरी, कडवट, आणि तिचा सगळा जीव वासात.

मी बिअर पीत नाही. मला ती काढ्यासारखी लागते. सातूचा उरलेला चोथा मात्र वाळवून थालीपिठात घालते, फेकायचा कशाला?

तर वास. दिगंबर काटोलचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. फळ आंबिया बहाराचं की मृगाचं, म्हणजे कुठल्या मोसमाचं, हे म्हणे पेटी उघडायच्या आधी नुसत्या वासावर सांगायचा. मी ठाण्याची. मला संत्रं म्हणजे संत्रं. पण इथल्या बिअरवाल्यांच्या क्लबात त्या नाकाने त्याला मोठं केलं. ग्लास नाकाशी धरून तो सांगायचा, यात पपनस आहे, यात पाइनचा चीक आहे, आणि ग्रेग, तुझा हा पाइप नीट धुतलेला नाहीये. ग्रेग म्हणजे क्लबाचा म्होरक्या. गावात त्याची स्वतःची छोटी टॅपरूम आहे, म्हणजे स्वतः केलेली बिअर नळावरून विकायचा बार. त्यानेच दिगंबरला 'द नोज' हे नाव दिलं. त्या दिवशी हा घरी आला तो शीळ वाजवत.

फेब्रुवारीत दिगंबर तापाने आडवा झाला. बरा झाला, कामाला लागला. मग एका सकाळी मी वरून ओरडत खाली आले, कारण दूध करपल्याचा वास वरच्या खोलीपर्यंत आला होता. हा शेगडीपासून दोन हातांवर लॅपटॉप घेऊन बसलेला. आधी मी त्याला यथेच्छ झापला. मग त्याचा चेहरा पाहिला. तो उठून पातेल्यावर वाकला, काळ्या दुधात जवळजवळ नाक बुडवलं आणि म्हणाला, "नीना, मला कसलाच वास येत नाहीये गं."

डॉक्टर म्हणाली, येईल परत, किंवा नाही येणार. छान! एवढं तर माझी आजीपण सांगायची.

"कुणाला सांगू नकोस," दिगंबर म्हणाला.

"का? चोरी केलीयेस का तू?"

"क्लबात मला नाकामुळे ओळखतात. ते गेलं तर मी कोण? तिथेही तोच, टिकीटं बंद करणारा."

झालं, मी कबूल केलं, नाही सांगत.

मग सुरू झालं नाटक. क्लबच्या मीटिंगला तो ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि दुसरा कुणीतरी बोलेपर्यंत ते उघडायचाच नाही. ग्रेग म्हणाला "मँगो", की हा म्हणायचा, "हो, पण जास्त पिकलेला." सगळे माना डोलवायचे. मी एकदा ते बघायला गेले. येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. मला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त त्याची दया येत होती, आणि दया आलेली दिगंबरला मुळीच खपत नाही.

एप्रिलमध्ये ग्रेगने बॉम्ब टाकला. या उन्हाळ्यात टॅपरूमच्या एका नळावर 'द नोज'ची पेल एल लावायची. दिगंबरने घरी करून क्लबला चाखवायची आणि पसंत पडली की ग्रेग तीच रेसिपी स्वतःच्या मोठ्या टाक्यांमध्ये करणार. पाटीवर दिगंबरचं नाव.

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? ही बिअर मी झोपेतसुद्धा करीन. हात चालतात ना माझे? नाक लागतंय कशाला?"

"मग सगळे तुला 'द हँड' का म्हणत नाहीत?"

त्याने गॅरेजचं दार धाडकन खाली ओढलं.

बिअर मात्र त्याने मन लावून केली. पाण्याचं तापमान चारचारदा बघितलं, भांडी घासून घासून माझ्या लग्नातल्या पातेल्यांपेक्षा लख्ख केली. हॉप्सचं मोठं पाकीट आणलं होतं. अर्धं उकळताना गेलं, उरलेलं आठवड्याने लागणार होतं. आता उघडं पाकीट तसंच फ्रीझरमध्ये कोंबणं आपल्या माणसाला जमतं का? आपल्याकडे उघडलेली वस्तू डब्यात जाते, अमेरिकेत आलो म्हणून काय झालं. मी किचनच्या दारातून बघत होते. तो माझ्याकडे पाठ करून गॅरेजच्या फ्रीझरपाशी उभा होता. कसलंसं भांडं त्याने नाकाशी नेलं, जोरात हुंगलं आणि पास केल्यासारखी मान हलवली. हुंगल्याशिवाय भांडं वापरायचं नाही, हा त्याचाच नियम. नाक गेलं तरी नियम चालूच होता. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली.

मेच्या शेवटी, शनिवारी दुपारी, आमच्या ड्राइव्हवेवर क्लब जमला. फोल्डिंगच्या खुर्च्या, आभाळ नेहमीसारखं करडं. मी बटाट्याची भजी काढली होती. आमचा मित्र विनयही आला होता. तो क्लबात नाही, पण फुकटची बिअर त्याला आपोआप कळते. दिगंबर स्वतः ओतत होता. रंग सुंदर होता, हे मलासुद्धा दिसत होतं. वर पांढरा जाड फेस.

ग्रेगने ग्लास नाकाशी नेला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. घोट घेतला. भुवया खाली येईनात.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला.

इथे पंधरा वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. अमेरिकन माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की समजावं, काहीतरी बिनसलंय. बाकीचेही पीत होते, आणि एकमेकांकडे न बघायची खबरदारी घेत होते. विनयला ठसका लागला. "एकदम युनिक आहे यार," तो म्हणाला आणि घाईघाईने भज्यांकडे वळला.

दिगंबर त्यांच्या चेहऱ्यांवरून काही वाचता येतंय का ते बघत होता. इतके महिने त्याचं त्यावरच चाललं होतं, पण आज सगळे चेहरे सभ्यपणे बंद.

शेवटी ग्रेगच बोलला. "कांदा-लसणासारखं काहीतरी येतंय. काही जातींच्या हॉप्सना येतो असा वास, मला माहितीये. पण हे हॉप्सचं आहे की दुसरं काही, ते तूच सांग. यू आर द नोज."

सगळे थांबले. दिगंबरने ग्लास उचलला. डोळे मिटले. या वेळी त्याच्या आधी बोलणारं कुणीच नव्हतं. मला त्याची मान दिसत होती आणि ती लाल होत चालली होती. मग डोळे उघडून त्याने थेट माझ्याकडे पाहिलं, आणि मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "नीना, सांग ना."

मी त्याच्या हातातून ग्लास घेतला. नाकापर्यंत न्यावासुद्धा लागला नाही. अगं बाई! हिंग! पाच माणसांच्या वरणाला पुरेल इतका खमंग हिंग!

आणि लगेच बरणी डोळ्यांपुढे आली. रबरी कडा असलेली काचेची बरणी, आईने ठाण्याहून दिलेला हिंग मी वर्षभर तिच्यात ठेवला होता. रिकामी झाल्यावर तीन वेळा धुतली, उन्हात ठेवली, तरी तिचा वास हलेना, तेव्हा खिळे-स्क्रू ठेवायला म्हणून गॅरेजच्या फळीवर टाकली. त्याने ती घेतली, हुंगली, पास केली, आणि त्याचे ते लाडके हॉप्स आठवडाभर त्या हिंगाच्या घरात मुरले.

ग्रेगने वाट दाखवून ठेवली होती. मी नुसतं "हॉप्स" पुटपुटले असते तर दिगंबरने ते इंग्रजीत ऐटीत सांगितलं असतं, सगळ्यांनी माना डोलवल्या असत्या, आणि नाक शाबूत राहिलं असतं. मला ते करावंसं फार वाटलं. त्याचे डोळे तेच मागत होते. पण मग पुढे काय? परत डोळे मिटायचे, परत कुणीतरी बोलायची वाट बघायची, परत गाडीत गप्प बसून घरी यायचं. किती वर्षं?

"हिंग," मी म्हटलं.

"काय?"

"हिंग आहे दिगंबर. तू हॉप्स माझ्या हिंगाच्या बरणीत ठेवलेस."

तो माझ्याकडे बघत राहिला. असं वाटलं, आता हा तडक घरात जाईल आणि माझ्याशी वर्षभर बोलणार नाही. त्याने माझ्या हातातला ग्लास घेऊन टेबलावर ठेवला, टॉवेलला हात पुसले आणि ग्रेगकडे वळून इंग्रजीत सांगून टाकलं. "वास मसाल्याचा आहे. माझ्या बायकोने ओळखला. मला नाही कळला. मला फेब्रुवारीपासून कसलाच वास येत नाही."

ग्रेगने आपला ग्लास खाली ठेवला.

"पण मार्चमध्ये तू माझ्या बिअरला फर्स्ट क्लास म्हणालास," ग्रेग म्हणाला.

"तुझं तोंड बघून."

ग्रेग आधी हसला, मग हसायचा थांबला आणि उठून त्याने दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवला. पाटीबद्दल तो काही बोलला नाही, आणि दिगंबरनेही विचारलं नाही. पाटी गेली हे दोघांनाही कळलं होतं. विनय मेला म्हणतो कसा, "भज्यांबरोबर चालतेय पण ही." आणि त्याने खरंच दुसरा ग्लास भरून घेतला.

मंडळी गेल्यावर दिगंबरने उरलेली बिअर गटारात ओतली. मी मध्ये पडले नाही. खुर्च्या मिटून झाल्या तरी तो आत येईना, म्हणून मी गॅरेजमध्ये गेले. तो उलट्या बादलीवर बसून रडत होता. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलेलं नव्हतं.

"चिडलायस माझ्यावर?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग टॉवेलने डोळे पुसून, "नाही."

उठून त्याने फ्रीझरमधून हॉप्सचं नवं, बंद पाकीट काढलं. फोडलं, चार गोळ्या तळहातावर घेतल्या आणि दोन्ही हात एकमेकांवर खसाखसा चोळले. ओंजळ माझ्या नाकाखाली धरली.

"सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हिंग कळला ना? सांग."

मी हुंगलं. आधी नुसतं ओलं गवत. मग आतून दुसरंच काही आलं, आणि मला स्वतःलाच नवल वाटलं. "संत्र्याची साल," मी म्हटलं. "आत्ता सोललेली. नखात जाते ना, तशी."

त्याचा चेहरा एकदम हलला. "आंबियाची की मृगाची?"

"दिगंबर, तो वास आहे, सातबारा नाही."

"सांग ना."

मी परत हुंगलं. माझ्या सात पिढ्यांत कुणाला तो फरक कळला नसेल. "मृगाची," मी ठासून म्हटलं.

त्याने ओंजळ स्वतःच्या नाकाशी नेली, डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि काहीच येत नाही अशी मान हलवली.

"खोटारडी," तो म्हणाला, आणि ओंजळ परत माझ्यापुढे धरली. "आता नीट सांग."