फ्रिजमागच्या अकरा चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची फाइल आहे. माझ्या लोखंडी कड्या आता नीट मिटत नाहीत. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरात लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या बेरिलबाईंच्या कपाटात मी राहते.

माझ्या पोटात इल्झे आणि क्वेकूचे कागद आहेत. ती लॅटव्हियाची, तो घानाचा. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होता, म्हणून तिला इथे राहायची मोकळीक होती; त्याला नव्हती. मासळीच्या कारखान्यात ती दिवसपाळीला, तो रात्रपाळीला. चार वर्षे एका घरात राहिले, पण लग्न केले नव्हते. इल्झेचा जोडीदार म्हणून क्वेकूने इथे राहण्याचे कार्ड मागितले. सरकारी कचेरीने नकार दिला. एकत्र राहिल्याचा पुरावा अपुरा. खाली आणखी एक ओळ होती: अपील करता येणार नाही.

"म्हणजे भांडायचंसुद्धा नाही?" क्वेकूने विचारले.

"माझ्याशी भांड की," इल्झे म्हणाली.

"तू घरी सापडतेस कधी? आपलं भांडण फ्रिजवर चिठ्ठ्या लावून चालतं."

बेरिलबाईंनी चष्मा काढला. "त्या चिठ्ठ्या कुठायत?"

"फेकल्या. साहेबापुढे रद्दी कशाला?" क्वेकू म्हणाला.

"घरी जा आणि शोधा," बाई म्हणाल्या.

फ्रिजमागे पडलेल्या अकरा सापडल्या. कारखान्यात प्रत्येक खोक्यावर तारीख टाकायची सवय. त्यामुळे चिठ्ठ्यांवरही तारखा पडल्या होत्या. त्या पोटात घेऊन मी दोन वर्षे धूळ खाल्ली. कार्ड नाही म्हणून क्वेकूची नोकरी गेली. कधी देश सोडायला सांगतील, याचा नेम नव्हता. दोघे येत, खुर्चीत बसत आणि परत जात.

मग दुसऱ्याच कुणाच्या खटल्यात वरच्या न्यायालयाने सांगितले, लग्न न केलेल्या जोडीदारालाही अपिलाचा हक्क आहे. बेरिलबाईंनी मला फडक्याने पुसले.

सुनावणीत न्यायाधीशांनी एक चिठ्ठी वाचली. "'सूप खा. बूट हीटरजवळ आहेत. मी अजून बोलत नाहीये.' का बोलत नव्हता तुम्ही?"

"यानं माझा काळा पाव फेकला," इल्झे म्हणाली.

"बुरशी आली होती त्याला," क्वेकू म्हणाला.

"पुसली असती."

न्यायाधीशांनी चिठ्ठीवरची तारीख टिपून घेतली.

महिन्याने निकाल आला. अपील मंजूर. बेरिलबाईंनी तो वाचून संपवला, तेव्हा इल्झे खुर्चीतच झोपली होती. क्वेकूने तिच्यावर आपला कोट घातला.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझ्या शेजारच्या फायली अजून वाट पाहतात. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठ्या खुर्चीत बसेल. तेव्हा नकार द्यावा लागला तर जरूर द्या. पण समोरच्याला दोन शब्द बोलू द्या, आणि त्याची रद्दी एकदा वाचून पाहा.