खुर्चीतून न उठणारा म्हातारा

दिवे मंदावले, स्टेजवर पांढरा धूर सुटला, गिटारवाल्याने एकच तार हळूहळू छेडायला घेतली आणि हजारो माणसांनी भरलेला हॉल चिडीचूप झाला. पूर्वी तिथे फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकायचे. आता तिथे पास्टर देवाचा शब्द विकत... चुकलं, वाटत असत.

"मला एक घर दिसतंय," पास्टर डोळे मिटून म्हणाले. अंगात जीन्स, पायात पांढरे बूट, गालाला चिकटवलेला माइक. "खिडकीला निळा पडदा. एक बाई पाठमोरी बसलीय. तिच्या हातात कापड आहे. बाई, तुम्ही इथेच आहात. उजवीकडे, माझ्या अगदी समोर."

उजवीकडच्या रांगेत बसलेल्या टेलरबाईने झटकन मान वर केली. टेलरबाई हे काही तिचं नाव नव्हे, पण पँटची उंची कमी करून घ्यायला आणि झिपा बदलून घ्यायला येणारं सगळं गाव तिला तेच म्हणायचं. तिच्या घरात निळा पडदा होता. आणि दुकानाखेरीजच्या वेळात ती घरच्या मशीनवर पाठमोरीच बसायची.

"खिडकीपाशी खुर्ची आहे. आणि खुर्चीत... देवा! खुर्चीत एक म्हातारा बसलाय. त्याला ऊठ म्हटलं तरी उठत नाही. ओढलं तरी उठत नाही!"

टेलरबाईच्या तोंडून किंकाळीच फुटली. त्या खुर्चीतच तिचे सासरे वारले होते. दुपारची वेळ होती. मामंजींचा डोळा लागलाय समजून तिने त्यांच्या अंगावर शाल घातली आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. दोन पँटी शिवून झाल्यावर चहा घेऊन गेली, तेव्हा शाल तशीच होती आणि मामंजी गार पडले होते. हे तिने नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. नवरा बोटीवर, समुद्रात. त्याला फोनवर काय काय सांगणार?

"तोच तुमच्या लेकराच्या छातीवर बसलाय," पास्टरांचा आवाज चढला. "तुम्ही त्या औषधाच्या पंपावर भरवसा ठेवलाय, म्हणून तो उठत नाही! पुढच्या रविवारी तो पंप इथे आणून टाका. माझ्या पायाशी नाही हं, देवाच्या पायाशी!"

देवाचे पाय नेमके पास्टरांच्या पायांशेजारीच कसे, हे कुणी विचारलं नाही. हॉल 'आमेन'ने दणाणून गेला. आपल्या लेकीला, बबडीला दमा आहे, ती तोंडाला पंप लावून औषध ओढते, हे या माणसाला कसं कळलं? टेलरबाईच्या मनात हेच फिरत राहिलं.

तिला हसू नका. सासरे गेल्यानंतरच्या दिवसांत कुणी तिला "तू कशी आहेस?" असं विचारलं असेल, तर याच हॉलमधल्या बायकांनी. त्या डबा घेऊन आल्या, तिच्याजवळ बसल्या, तिचा हात हातात घेऊन रडल्या. ती माया खोटी नव्हती. म्हणून तर पुढचं सगळं तिला खरं वाटलं.

पुढच्या काही दिवसांत पास्टरांना तो म्हातारा आणखी घरांत दिसू लागला. बुधवारच्या प्रार्थनेत बेकरीवाल्याच्या घरात दिसला, शुक्रवारी एका नर्सच्या घरात. घरं वेगळी, पडदे वेगळे, म्हातारा मात्र तोच. खिडकीतल्या खुर्चीत बसलेला आणि न उठणारा. बेकरीवाल्याचे वडील तर तो तान्हा असतानाच गेले होते. पण कुणाचा ना कुणाचा म्हातारा गेलेला असतोच. बेकरीवाला म्हणाला, घराच्या आधीच्या मालकाचा बाप असेल.

मग लोकांनी खुर्च्या बाहेर काढायला सुरुवात केली. वेताच्या, लाकडी, गादीच्या, डुलणाऱ्या. संध्याकाळी दुकान बंद करून घरी निघालं की फुटपाथवर खुर्च्याच खुर्च्या, आणि एकीवरही माणूस नाही. दिवे लागण्याच्या वेळी त्यांच्या सावल्या लांब पडायच्या. टेलरबाई रस्त्याच्या मधून चालायची, पण मान वळवून बघायची तिची छाती व्हायची नाही.

दुकानात रोज याच विषयाला तोंड फुटायचं.

"अहो, बोलबच्चन आहे तो!" बँकेतला कारकून पँट घालून आरशासमोर उभा होता. "जुन्या चर्चच्या फादरवर निदान बिशप तरी असतो. याच्यावर कोण आहे? छताला टांगलेला स्पीकर!"

"तुम्हाला काय जातंय बोलायला?" शेजारची फुलवाली उसळली. "माझ्या भावाची दारू त्या हॉलमुळे सुटली. तुमच्या बँकेमुळे नाही सुटली."

"सुटली ना? चांगलं झालं. पण म्हणून म्हातारा खरा ठरतो का?"

"मग निळा पडदा कसा दिसला त्यांना? सांगा ना आता!"

 कारकून आरशात पँटची उंची बघत राहिला. टेलरबाई तोंडात टाचण्या धरून खाली बसली होती, म्हणून तिला बोलावं लागलं नाही.

घरी वेगळीच लढाई चालू होती. खुर्ची बाहेर काढायला ती गेली, तर सासूबाई खुर्चीत ठाण मांडून बसलेल्या.

"टाकायची तर माझ्यासकट टाक."

सासूबाईंची उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन, समोर खटक्यांची पाटी.

"आई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कुणाची? ह्यांची? जिवंत होते तेव्हा वाटली नाही, आता काय वाटायचीय!" मग त्यांनी सुनेकडे निरखून पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे बघ, मी आयुष्यभर लाइनी जोडल्या. लोकांना वाटायचं, आवाज हवेतून येतो. तो हवेतून येत नाही गं. कुठेतरी कुणीतरी खटका दाबलेला असतो. त्या पास्टरला आपल्या घरचं कळतंय ना? मग त्याला कुणी जोडून दिलं ते शोध."

"देवाने जोडून दिलं."

"देवाकडे एवढं मोठं एक्सचेंज आहे, तर त्याने तुझ्या सासऱ्यांची तब्येत आधी का नाही कळवली?"

 शनिवारी टेलरबाईने पंप रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. बबडीला दिला नाही. रविवारी सकाळी पोरीच्या छातीतून बारीक शीळ येत होती. ती शीळ तिला स्पष्ट ऐकू येत होती, तरी ती पोरीला घेऊन निघाली. सासूबाईंनी दारात आडवा हात धरला, तो तिने बाजूला सारला. आयुष्यात पहिल्यांदा.

हॉलच्या दारात नेहमीप्रमाणे बबडीच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली. तिच्यावर नंबर. तोच नंबर टेलरबाईच्या मनगटावर आणि तिच्या बसायच्या जागेवरही. पोरं वरच्या मजल्यावरच्या खेळघरात जायची, आया खाली हॉलमध्ये. पोर रडलं तर स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या टीव्ही-पडद्यांच्या कोपऱ्यात तो नंबर झळकायचा. सोय मोठी छान.

देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला आलेल्यांची स्टेजच्या पायऱ्यांशी रांग लागली. टेलरबाईच्या पुढे दोघंच उरले होते. मुठीत रुमाल, रुमालात पंप. आणि तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात नंबर लागला. तिचाच.

ती वळली. रांगेवरचा स्वयंसेवक आडवा आला.

"ताई, आता नाही. पाळी आलीय तुमची. ही परीक्षा आहे. सैतान तुम्हाला मागे ओढतोय."

ती थांबली. हो, थांबली. किती वेळ, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. नंबर विझला, पुन्हा लागला. तिला ती शाल आठवली. झोपलेत समजून पांघरलेली, आणि मशीनवर परत फिरलेली आपली पावलं. मग तिने त्या स्वयंसेवकाला असा धक्का दिला की बिचारा ड्रमवर जाऊन आदळला.

खेळघरात बबडी जमिनीवर हात टेकून वाकली होती. खांदे वर-खाली होत होते, ओठ काळेनिळे पडले होते. टेलरबाईने तिला मांडीवर घेतलं, पंप हलवला, तोंडाला लावला. एक फवारा. "आत ओढ, राणी. ओढ." थोडं थांबून दुसरा. पोरगी आईच्या ब्लाउजला घट्ट धरून होती. हळूहळू खांदे खाली आले. शीळ विरत गेली. मग पोर रडली, आणि ते रडणं ऐकून टेलरबाईच्या जिवात जीव आला.

तिने मान वर केली तेव्हा समोर एक लाकडी खेळण्यातलं घर होतं. भिंती नसलेलं, आतलं सगळं दिसणारं. एक छोटी मुलगी त्यात सामान मांडत होती, आणि बबडीचा नंबर लावून आपलं काम झालं समजून तिच्याशेजारी जाऊन बसलेली तरुण ताई तिला लाडाने विचारत होती, "तुमचं घर असंच आहे का गं? पडदा कुठल्या रंगाचा लावूया? हिरवा? आणि बाबा कुठे झोपतात?" ताईच्या दुसऱ्या हातात फोन होता. ती भराभर टाइप करत होती.

भिंतीवरच्या स्पीकरमधून खालचा आवाज येत होता. "मला एक घर दिसतंय. हिरवा पडदा. घरातला पुरुष एकटा, वेगळ्या खोलीत झोपतो..."



चिमुरडीने आता खिडकीपाशी खुर्ची ठेवली. खुर्चीत बोटाएवढा म्हातारा.

"आणि खिडकीत," स्पीकर ओरडला, "खुर्चीत एक म्हातारा!"

"हा कोण गं?" टेलरबाईने विचारलं. 

"कुणी नाही," चिमुरडी म्हणाली. "मला नुसती खुर्चीच हवीय. पण हा निघतच नाही."

टेलरबाईने खुर्ची उचलली. म्हाताऱ्याला ओढून पाहिलं. तो चिकटवलेला होता, बुडाखाली पिवळट डिंक वाळून घट्ट झालेला. पूर्ण घरात खुर्ची एकच. ज्या पोराला खिडकीत खुर्ची मांडायची, त्याच्या घरी हा आपसूक येऊन बसायचा.

"ताई, हे तुम्ही कुणाला कळवता?"

"प्रार्थनेसाठी," ती तरुणी गोंधळून म्हणाली. "पोरांच्या घरी काय चाललंय, कुणाला काय त्रास आहे, ते नंबरासकट पाठवायचं. म्हणजे पास्टर त्यांच्यासाठी नीट प्रार्थना करू शकतात. त्यांच्या पायाशी छोटा टीव्ही आहे ना, गाण्यांचे शब्द येतात तो, त्याच्यावर जातं. का? काही चुकलं का?"

तिचा चेहरा इतका भाबडा होता की टेलरबाईला तिच्यावर चिडताही येईना. लाइन सापडली होती.

ती बबडीला कडेवर घेऊन खाली आली. पास्टरांनी लांबूनच हात पसरले. "आली! आमची बहीण पंप घेऊन आली!" आणि कौतुकाने तिच्या हाती माइक दिला.

"पंप मी देणार नाही," टेलरबाई म्हणाली. कॅमेरा तिच्या मुठीवर आला तेव्हा तिने मूठ उघडली. "त्याच्याऐवजी म्हातारा आणलाय."

दोन्ही पडद्यांवर भिंतीएवढा म्हातारा उभा राहिला. म्हणजे बसलेलाच राहिला.

"वर खेळघरात आपली पोरं याला घेऊन घर मांडतात, आणि ते पास्टरांना खालच्या टीव्हीवर कळवलं जातं. तुम्ही म्हणालात ना, ओढलं तरी उठत नाही? घ्या, ओढा!"

पास्टर हसले. हसताना त्यांची नजर पायाशी, त्या छोट्या टीव्हीकडे गेली, आणि पुढच्या रांगांनी ती जाताना पाहिली. "बहीण थकलीय," ते म्हणाले. "सैतान खेळण्यांतूनही बोलतो!" टेलरबाईच्या हातातला माइक बंद झाला. काहींनी आमेन म्हटलं. पण हिरव्या पडद्याचा तो बाप, ज्याचं वेगळं झोपणं आत्ताच चारचौघांत निघालं होतं, तो लालबुंद होऊन पुढे आला. त्याने म्हातारा हातात घेतला, ओढून पाहिला आणि शेजाऱ्याकडे दिला. बेकरीवाल्याने ओढून पाहिला. नर्सने नखाने डिंक खरवडून पाहिला. म्हातारा रांगेमागून रांगेत फिरत गेला, आणि ज्याने त्याने स्वतः ओढून पाहिला.

हॉल बंद पडला, असं मी सांगणार नाही. पुढच्या रविवारीही तिथे गाणी झाली. पण संध्याकाळपर्यंत फुटपाथवरच्या बऱ्याच खुर्च्या मुकाट्याने घरात गेल्या. प्रार्थना करणाऱ्याने खुशाल करावी, त्याला कोण नको म्हणतंय? फक्त कुणी तुमच्या बंद घरातलं सांगू लागला, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, की बाबा, तुला हे कुणी कळवलं? आणि लेकराचं औषध सोडायला सांगणारा कितीही गोड बोलला तरी त्याचं ऐकू नका.

घरी सासूबाई अजून खुर्चीतच होत्या. टेलरबाईने त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. शालीचंसुद्धा. सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

"शाल पांघरलीस ना?" त्या म्हणाल्या. "मग बरं झालं. ह्यांना गारठा सोसायचा नाही."

बबडी पडद्याआडून बघत होती. "आई, मी त्या ताईला सांगितलं, आजोबा खुर्चीत झोपलेत आणि उठत नाहीत. तूच म्हणाली होतीस ना, झोपलेत म्हणून?"

टेलरबाई चपापली. हो, तीच म्हणाली होती. त्या दिवशी, पोरीने रडू नये म्हणून. आणि त्यानंतर कुणीच तिला दुसरं काही सांगितलं नव्हतं. पोर इतके दिवस त्या रिकाम्या खुर्चीजवळून पाय न वाजवता जात होती, आजोबा जागे होतील म्हणून.

सासूबाईंनी उठून खुर्ची रिकामी केली. टेलरबाईने बबडीला जवळ ओढलं आणि त्या खुर्चीत, तिला मांडीवर घेऊन बसली.

"ते मी खोटं बोलले, राणी. आजोबा झोपलेले नाहीत. आजोबा वारले. आता ते कधीच येणार नाहीत."

पोरगी रडली. खूप रडली. आईही रडली, आजीही. छातीत पुन्हा शीळ येते का म्हणून टेलरबाईने कान लावून पाहिला. येत नव्हती.